डोहातली ठेव

फाल्गुन लागला की आमच्या झाडीपट्टीत दोन गोष्टी एकदमच दिसायला लागतात. एक म्हणजे रानातला लालभडक पळस आणि दुसरी म्हणजे आठवडी बाजारात मासोळी विकणाऱ्या बायांपुढची गर्दी. पळसाचं कौतुक सगळेच करतात. मासोळीवालीकडे मात्र आपण पाहतो ते फक्त भाव करण्यापुरतं. "केवढ्याले दिली बाई? एवढी महाग?" असं म्हणत आपण पिशवी पुढे करतो, दहा रुपये कमी करून घेतो आणि घरी येऊन रश्श्याची तयारी करतो. ही मासोळी कुठून आली, याच दिवसांत एवढी का आली, आणि ऐन उन्हाळ्यात हीच टोपली रिकामी का असते, हे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत.

मैत्रिणींनो, आज या टोपलीच्या थोडं मागे जाऊ या. अगदी नदीपर्यंत!

तिरोडा म्हटलं की बाहेरच्यांना मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन आठवतं, नाहीतर वीज प्रकल्प. आम्हा इथल्यांसाठी तिरोडा म्हणजे धानाच्या बांध्या, तलाव आणि वैनगंगा. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावलेली ही नदी बालाघाटकडून आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या कडेने येते. काही भागात अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, तर पलीकडचा मध्य प्रदेशाचा. पुढे ती भंडारा आणि गडचिरोलीकडे जाते, वर्धा नदीला भेटून प्राणहिता होते आणि शेवटी गोदावरीला मिळते. एवढ्या लांबच्या वाटेवर तिच्या काठाने धिवरांच्या किती पिढ्या जगल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

बचत गटांच्या कामानिमित्त गेली काही वर्षं मी नदीकाठच्या गावांत जाते. पुस्तकं वाचून बी. ए. झालेल्या माझ्यासारखीला तिथल्या बायांनी जे शिकवलं, ते कुठल्याच पेपरात आलं नव्हतं. मासोळी म्हणजे जाळं टाकलं आणि उचललं, एवढंच मला वाटायचं. प्रत्यक्षात ते एक पंचांग असतं. श्रावण-भाद्रपदात नदी पसरलेली असते, मासोळी नाल्यांतून थेट धानाच्या बांध्यांपर्यंत चढते. कार्तिकानंतर पाणी उतरायला लागतं. माघ-फाल्गुनात नदीचं अंग इतकं बारीक होतं की मधली रेती उघडी पडते आणि पाणी उरतं ते मुख्यतः खोल जागी. त्या खोल जागा म्हणजे डोह. दूरदूर विखुरलेली सगळी मासोळी या दिवसांत डोहात गोळा होते.

फाल्गुनातली मासेमारी हे वेगळंच तंत्र आहे. रात्रीचा गारवा अजून गेलेला नसतो, त्यामुळे पहाटे मासोळी तळाशी सुस्त पडून असते. उन्हं चढली, काठाचं उथळ पाणी कोमट झालं की ती हळूहळू वर येते. गळ टाकणारा म्हातारा म्हणूनच पहाटे घाई करत नाही. रोहूसाठी कणकेचा गोळा, वामसाठी गांडूळ, मरळीसाठी लहानशी बेडकी... प्रत्येकीची आवड त्याला पाठ! पाण्यावर बुडबुडे कुठे येतात आणि झाडाची सावली कधी सरकते, हे पाहून तो जागा बदलतो. पुरुष डोंगा घेऊन डोहाच्या मध्यावर जातात, जाळी लावतात. बाया गुडघाभर पाण्यात उतरून हातजाळीने झिंगे आणि बारीक मासोळी धरतात.

आणि बाईचं काम पाण्यातून बाहेर आल्यावर संपतं का? छे! तिचं तर तेव्हा सुरू होतं. मासोळी निवडायची, मोठी वेगळी, बारीक वेगळी. बारीक वाळत घालायची, राखण बसायचं, नाहीतर कावळे आणि मांजरी आहेतच. डोक्यावर चुंबळ ठेवून टोपली उचलायची, मिळेल त्या गाडीने बाजार गाठायचा आणि उन्हं तापायच्या आत माल विकायचा. कारण दुपार झाली की मासोळी नरमते आणि तिच्याबरोबर भावही. संध्याकाळी घरी आल्यावर फाटलेलं जाळं वाट पाहतच असतं. पण कागदोपत्री 'मासेमार' कोण? तर तिचा नवरा!

अशाच एका गावात गटाच्या बैठकीनंतर एक आजी माझ्याजवळ बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, सगळं आयुष्य नदीवर गेलेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, नदी आटते तवा मासोरी डोहात येते. समोर दिसते म्हनून मानसाले वाटते का आता ही आपली. पन ती आपली नाही. ती पुढच्या पुराची हाये."

मला नीट कळलं नाही. मग त्यांनी आमच्याच भाषेत समजावलं. "तुमच्या गटात कशी ठेव असते? याज खाता येते, मुद्दल खाल्लं का गट बुडते. डोह नदीची ठेव हाये."

घरी आल्यावर मी याबद्दल मिळेल ते वाचायला लागले, जाणकारांना विचारायला लागले, आणि आजींचं म्हणणं शब्दाशब्दाला पटत गेलं. रोहू, कतला, मृगळ या मासोळ्यांच्या पोटात अंडी धरायला सुरुवात होते ती साधारण फेब्रुवारी-मार्चपासून. मे-जूनपर्यंत ती पक्व होतात आणि पहिले पूर आले की वाहत्या, गढूळ पाण्यात मादी ती सोडते. रोहूच्या मादीत अंगाच्या दर किलोमागे साधारण दोन-तीन लाख अंडी असतात. त्यातली फार थोडी जगतात हे खरं, पण मादीच उरली नाही तर थोडी तरी कुठून येणार? म्हणजे फाल्गुनात डोहातून निघालेली एक मोठी मादी ही एका घरचा रस्सा असते, तशीच ती पुढच्या वर्षीच्या कित्येक टोपल्याही असते.

"पण सरकार तलावात बीज टाकतंच की!" असं कुणी म्हणेल. टाकतं, आणि त्यामागे मोठं संशोधन आहे. साठलेल्या पाण्यात या मासोळ्या सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी नदीतूनच बीज गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या मासोळ्यांचं प्रजनन घडवून आणलं. तो दिवस आज आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधामुळे लाखो घरांत मासोळी पोचली. पण बीजाच्या पिशवीतून येतात त्या मुख्यतः ठरावीक तीन-चार जाती. वाम, शिंगी, मरळ आणि आपल्या लहानपणी आई बोटांनी निवडायची त्या बारीक काटेरी मासोळ्या नदीला स्वतःच वाढवाव्या लागतात. आणि गरिबाच्या ताटात काट्यासकट चावून खाल्ली जाणारी, बाळंतिणीला ताकद देणारी मासोळी हीच!

मरळीची तर गंमतच आहे. वाढीच्या दिवसांत तिची पिल्लं तांबूस झुबक्यासारखी पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि आई-बाप दोघंही त्यांच्या खाली पहारा देतात. कुणी जवळ आलं तर अंगावर धावून जातात. आजी सांगत होत्या, "पिल्लांचा लाल गोळा दिसला का आमची सासू म्हने, तिथं गळ टाकाचा नाही. लेकुरवाळी हाये ते." किती सोपा नियम! पण तो मोडणं त्याहून सोपं. पिल्लांमुळे आई जागा सोडत नाही, म्हणून ती लवकर गळाला लागते.

हे शहाणपण काही फक्त आपल्याकडचंच नाही. माझा एक भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो. तिथल्या सस्क्वेहाना नदीवर सुट्टीच्या दिवशी गळ टाकायचा त्याला छंद लागलाय. तिथे 'स्मॉलमाउथ बास' नावाची मासोळी फार लोकप्रिय. थंडीत तीही आपल्या मासोळीसारखीच खोल डोहात दबून राहते आणि वसंत आला, पाणी जरा उबदार झालं की काठाकडे सरकते. तिच्यात नर खडीमध्ये खळगा करून घरटं बनवतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर एकटा राखण करतो. बापाला उचललं की इतर मासे क्षणात अंड्यांवर तुटून पडतात. म्हणून तिथे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत धरलेला बास लगेच परत पाण्यात सोडायचा, असा नियम आहे. भाचा फोनवर सांगत होता, "मावशी, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा."

ऐकायला छान वाटलं. पण मनात आलं, तिथे तो छंद आहे, इथे ती चूल आहे. फोटो काढून पोट भरत नाही ना! आपल्या धिवर बाईला 'मासोळी सोडून दे' म्हणणाऱ्या माणसाने आधी तिच्या डब्यात किती तांदूळ उरलेत, ते पाहायला हवं.

हीच अडचण त्या गावात उभी राहिली. आधीच्या उन्हाळ्यात कुणीतरी रात्री डोहात ब्लीचिंग पावडर टाकली होती. सकाळी पाण्यावर मासोळीचा खच! विकण्याजोगी मोठी उचलून नेलेली आणि बोटाएवढी पिल्लं काठाला कुजत पडलेली. काही ठिकाणी तर विजेच्या तारेवरून आकडा टाकून पाण्यात करंट सोडतात. त्यात मासोळी मरतेच, पण माणसाच्या जिवालाही धोका. शिवाय मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आली आहेत, ज्यातून अंडज पिल्लूही सुटत नाही. पाण्यात स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं हा गुन्हा असल्याचं ब्रिटिशांच्या काळात, १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यातच लिहिलं गेलं होतं. कायदा जुना आहे, पण रात्री डोहावर कायदा थोडाच बसून राहतो?

त्यात नदीही पूर्वीची राहिलेली नाही. आमच्या तालुक्यात कवलेवाड्याजवळ धापेवाडा उपसा सिंचन योजनेचा बंधारा आहे. खाली पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे, ज्याची पायाभरणी १९८८ साली झाली. शेतीला पाणी हवं, शहराला हवं, उद्योगाला हवं, हे कोण नाकारेल? पण पुरात वरच्या अंगाला चढणाऱ्या मासोळीची वाट अशा भिंतींनी अडते. रेतीचा उपसा झाला की डोहांचा आकार बिघडतो. मग उरलेले जे डोह आहेत, त्यांची किंमत किती वाढली, तुम्हीच विचार करा.

तर गटातल्या बायांनी ठरवलं, होळीपासून पहिला पूर येईपर्यंत गावाजवळचा एक डोह राखायचा. ठराव मांडला आणि बैठकीत चांगलीच वादावादी झाली. एक तरुण बाई उभी राहिली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, पदरात दोन मुली, वर एका कर्जाचा दर आठवड्याचा हप्ता. तिने सरळ विचारलं, "ताई, डोहाची मासोरी वाचंल, पन माहा हप्ता कोन भरंल? चैतात मले दुसरं काम कुठं हाये?"

बैठक चिडीचूप झाली. तिचं काय चुकत होतं? धान कापून झालेलं असतं, रोवण्याला अजून तीन महिने असतात. तेंदूपत्ता आणि मोहफुलं सगळ्यांनाच मिळतात असं नाही. नेमक्या ओढीच्या दिवसांत जे हाताशी आहे, ते सोडा म्हणून सांगणं सोपं नव्हतं.

शेवटी तोडगा त्याच बायांनी काढला, कुणी बाहेरच्याने नव्हे. सगळा डोह बंद करायचा नाही. मधला खोल भाग राखायचा, तिथे जाळं टाकायचं नाही. काठावर गळ आणि हातजाळी चालेल. बारीक आसाचं जाळं, पावडर आणि करंट पूर्ण बंद. पोट भरलेली मोठी मादी गळाला लागली तर सोडायची. आणि ज्यांचा संसार निव्वळ मासोळीवर आहे, त्यांना गटाच्या ठेवीतून दोन महिन्यांसाठी बिनव्याजी उसने पैसे द्यायचे. पावसाळ्यानंतर ते फेडायचे. आजी हसून म्हणाल्या, "एक ठेव वाचवाले दुसरी ठेव काढली. पन बुडनार नाही."

रात्रीची राखण पाळीपाळीने सुरू झाली. दोघी-दोघी जायच्या, हातात बॅटरी. एकदा रात्री करंट लावायला आलेल्या पोरांना त्यांनी पळवून लावलं. ती पोरं गावातलीच निघाली, म्हणून थोडी भांडणंही झाली. सगळं गुण्यागोविंदाने झालं असं मी लिहिणार नाही. पण डोह राहिला. पुढच्या हंगामात टोपल्या काही ओसंडून वाहिल्या नाहीत. एका वर्षात नदी भरून येत नसते. पण बारीक मासोळी जरा जास्त दिसली, असं बाया सांगतात. आणि ज्या तरुण बाईने प्रश्न विचारला होता, तिने घेतलेले पैसे दिवाळीच्या आत परत केले. यंदा राखणीची वही तीच लिहिते!

असं काम आपल्या जिल्ह्यात इतरत्रही झालंय, आणि ते बघण्यासारखं आहे. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले हजारो मालगुजारी तलाव आहेत. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचं कसब मोठं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पुढे अनेकांची आबाळ झाली. गाळ साचला, बेशरमची झुडपं माजली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धिवरांचं पारंपरिक ज्ञान गोळा करून अशा तलावांवर काम उभं केलं. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या धिवर समाजातल्या बाया त्यात पुढे आल्या. बेशरम उपटायची आणि तलावाच्या तळाशी स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, कारण मासोळीला अन्न आणि अंडी घालायला आसरा तिथेच मिळतो. आपण बांधीत रोवणा लावतो ना, अगदी तसाच हा तलावातला रोवणा!

तलावाचं जमतं, तर नदीचंही जमेल. पण त्यासाठी बाईचं नाव कागदावर यायला हवं. ज्या गावाची गोष्ट मी सांगितली, तिथल्या मासेमार संस्थेत बायांनी सभासदत्व मागितलं, तेव्हा एका पदाधिकाऱ्याने विचारलं, "बाया काय डोंगा चालवनार?" त्यावर एकीने लगेच सुनावलं, "डोंगा तुमी चालवा जी, पन मासोरी विकून डोंग्याचे पैसे आमीच आनतो." हा वाद अजून मिटलेला नाही. अर्ज दिलेले आहेत, बाया पाठपुरावा करताहेत.

सभासदत्व म्हणजे नुसता मान नव्हे. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८ च्या अर्थसंकल्पात मासेमारांनाही लागू करण्याचं जाहीर झालं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली गेली. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पण जिचं नाव यादीतच नाही, तिच्यापर्यंत हे पोचायचं कसं? आठवड्याच्या हप्त्याऐवजी तिला रास्त व्याजाचं कर्ज मिळालं, तर डोह राखायला तिला कुणी सांगावंही लागणार नाही. ठेवीचं मोल तिच्याइतकं कुणाला कळतं?

नियमाचं म्हणाल, तर पलीकडच्या काठावर मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नदीतल्या मासेमारीला बंदी असते. आपल्या कोकण किनाऱ्यावरही जून-जुलैत यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. नदीला मधोमध रेघ नसते. मासोळीला कुठला महाराष्ट्र आणि कुठला मध्य प्रदेश? दोन्ही काठांच्या गावांनी एकत्र बसून अंडी सोडण्याचा हंगाम पाळला, तर दोघांचाही फायदाच आहे.

आणि आपण, घरात बसून मासोळी खाणाऱ्या? आपणही पुष्कळ करू शकतो. पावसाळ्याच्या तोंडावर अंडी भरलेली मासोळी मुद्दाम मागून घेऊ नका, मागणी असते म्हणूनच ती बाजारात येते. बोटाएवढी मरळीची पिल्लं विकायला आली तर घेऊ नका. त्या दिवसांत तलावातली, शेततळ्यातली रोहू-कतला आणा किंवा उन्हाळ्यात वाळवलेले झिंगे काढा. वांग्यात टाकले की घरभर वास सुटतो! मासोळी घेताना डोळे चकचकीत आणि कल्ले लाल आहेत ना, ते जरूर पाहा. औषध टाकून मारलेली तर नाही ना, हेही विचारा. ओळखीच्या मासोळीवालीकडूनच घ्या, ती खोटं बोलणार नाही.

भावाची घासाघीस करायला माझी ना नाही, बाजार आहे शेवटी. पण यंदा टोपलीजवळ वाकाल, तेव्हा भावाच्या आधी एक प्रश्न विचारून बघा, "बाई, तुमच्या गावचा डोह कोण राखतं?" उत्तर मिळालं तर दोन मिनिटं थांबून ऐका. आणि तुमच्या गावाजवळ असा एखादा डोह असेल, तर पुढच्या बैठकीत हप्ते वसूल झाल्यावर तो विषय नक्की काढा. वही तर तुमच्याकडे आहेच.